चांदाची तारीख आणि समुद्राची वेळ

घाटावरच्या माणसाला समुद्र सुट्टीपुरता माहीत असतो. गाडी किनाऱ्याला लावायची, पाण्यात गुडघाभर जायचे, चार फोटो काढायचे, तळलेली सुरमई खायची आणि परतीच्या घाटात झोपायचे. आम्हीही वर्षानुवर्षे तसेच केले. त्यात वाईट काही नाही. पण किनाऱ्यावर राहणारा माणूस समुद्राकडे जसा बघतो, तसे बघायला वेगळी तयारी लागते. ती तयारी यंदा आम्हाला घरातल्या कॅमेऱ्यामुळे करावी लागली.

आमच्या मोठ्या मुलीने अकरावीत गेल्यावर बक्षिसाचे आणि ईदीचे पैसे जमवून एक वापरलेला कॅमेरा घेतला. पक्षी, झाडे, पाऊस, मुंग्यांची रांग, जे दिसेल ते ती टिपते. वेळासला कासवाची पिल्ले समुद्रात जाताना बघायची, हा तिचा हट्ट. घरात त्यावर दोन आक्षेप निघाले. पहिला अम्मींचा. त्यांचे म्हणणे साधे होते, "जानदार की तस्वीर घर में नहीं लगेगी." दुसरा आमचा स्वतःचा, आणि तो भीतीचा होता.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्यांत आपल्या समाजातली मुले-मुली होती. त्या आठवड्यात पुण्यातल्या किती घरांतून जनाजे निघाले हे आम्ही विसरलेलो नाही. आम्ही दोघेही शिक्षक. त्यानंतर शाळेत समुद्राच्या सहलीचे नाव काढले की पालकांच्या आधी आमचाच आवाज खाली जायचा. मुलांना समुद्र दाखवायचाच नाही, हा त्यावरचा सोपा उपाय. पण ज्या राज्याला सातशे किलोमीटरहून लांब किनारा आहे, तिथल्या मुलांना भरती-ओहोटी फक्त भूगोलाच्या पुस्तकात भेटावी हेही पटत नव्हते. म्हणून ठरवले की आधी घरच्यांनाच घेऊन जायचे, किनाऱ्यावरच्या माणसाकडून शिकायचे आणि मग पुढचे पाहायचे.

शाबानच्या १३ तारखेला आम्ही किनाऱ्यावर होतो. ताम्हिणी घाटाने माणगाव, मग आंबेत. आंबेतचा पूल ओलांडला की सावित्री नदी मागे पडते आणि रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. आंबेत हे बॅरिस्टर अ. र. अंतुले यांचे गाव. महाराष्ट्राचे आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री इथल्या मातीतले, आणि कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत मिळाले. मुलांना ही गोष्ट पुलावरच सांगून टाकली. पुढे मंडणगड, आणि तिथून उतरणीचा रस्ता बाणकोटला.

बाणकोटला आमच्या एका सहशिक्षिकेचे माहेर आहे. तिचे वडील जहाजावर नोकरी करून निवृत्त झालेले. कोकणातल्या मुसलमान घरांत ही परंपरा जुनी आहे. आधी पडाव आणि गलबते, मग बोटींवरची खलाशाची नोकरी, मग आखाती देश. आम्ही त्यांना चाचा म्हणू लागलो. चहा होताच आम्ही भरतीच्या वेळा विचारल्या आणि मोबाइल पुढे केला. चाचांनी मोबाइलकडे पाहिलेही नाही. स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेल्या हिजरी कॅलेंडरकडे बोट दाखवले. आपल्या सगळ्यांच्या घरात असते तेच, सेहरी-इफ्तार आणि नमाजच्या वेळांचे.

ते म्हणाले, "आज चांदाची किती?"

"तेरा."

"तेरामध्ये एक-दोन मिळवा म्हणजे तिथी आली. तिथीची पाऊणपट करा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आज सकाळी अकरा-साडेअकराला पुरी भरती होती. त्यात सहा तास मिळवा. संध्याकाळी पाच-साडेपाचला पुरी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे."

आम्ही नंतर छापील तक्त्याशी पडताळून पाहिले. हिशेब तेवढ्याच फरकात बसला. यामागचे कारण शाळेत शिकवण्यासारखे आहे. समुद्र चंद्राच्या ओढीने चढतो-उतरतो. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच उशिरा येते. हिजरी महिना चांद दिसल्यावर सुरू होतो, त्यामुळे कोणत्याही हिजरी तारखेला एका ठिकाणची भरती साधारण त्याच वेळी असते. इंग्रजी तारखेला हे जमत नाही. कोळी बांधव हाच हिशेब तिथीवर करतात, चाचांच्या घरात तो चांदाच्या तारखेवर होतो, चंद्र एकच.

आणखी एक गोष्ट त्यातून निघाली. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्राची ओढ एका रेषेत येते. तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. याला उधाण म्हणतात. सातवी-आठवी आणि बाविसावी-तेविसावीच्या आसपास पाणी कमी चढते, कमी उतरते, तो भांग. ज्या १३, १४, १५ तारखांना आपल्याकडे अय्याम-ए-बीजचे नफिल रोजे ठेवले जातात, ते उधाणाचे दिवस. अम्मी आयुष्यभर हे रोजे ठेवत आल्या आहेत. त्या दिवसांत समुद्रही भरलेला असतो हे त्यांना त्या दिवशी कळले. त्या फक्त "सुभानअल्लाह" म्हणाल्या, पण नंतर दोन दिवस प्रत्येकाला तेच सांगत राहिल्या.

फोटोग्राफीचा धडाही याच कॅलेंडरात होता. उधाणाच्या दिवसांत इथे पूर्ण ओहोटी सकाळ-संध्याकाळच्या मऊ उजेडात येते. पुळण लांबवर उघडी पडते, ओली वाळू आरशासारखी आभाळ धरते. भांगाच्या दिवसांत ओहोटी भर दुपारी, तेव्हा उजेड कडक आणि पुळणही अरुंद. कॅमेरा कितीही महाग असो, चुकीच्या तारखेला गेलात तर फोटो साधाच येणार.

असरनंतर चाचांनी आम्हाला बाणकोटच्या किल्ल्यावर नेले. किल्ला छोटा, जांभ्या दगडाचा. यालाच हिम्मतगड म्हणतात. अठराव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांनी तो घेतला आणि त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले. तटावरून खाली सावित्रीचे मुख दिसते. समोर हरिहरेश्वरचे डोंगर, डावीकडे उघडा समुद्र. ओहोटी लागलेली होती. खाडीचे गढूळ हिरवे पाणी बाहेर येत होते आणि समुद्राच्या पाण्याशी त्याची एक रेघ आखल्यासारखी सीमा दिसत होती. सूरह रहमानमध्ये दोन पाण्यांच्या भेटीचा आणि त्यांच्यामधल्या पडद्याचा उल्लेख आहे, तो अम्मींना पाठ आहे. त्या तटावर बसून हळू आवाजात पढत होत्या. मुलीने ती रेघ टिपली. नाती काय करते आहे ते अम्मींनी पाहिले, आणि बोलल्या काहीच नाहीत.

मगरिब तिथेच पढली. कोकण किनाऱ्यावर किब्ला समुद्राच्या बाजूला येतो, पश्चिमेला किंचित उत्तरेकडे कललेला. फेब्रुवारीत सूर्य त्याच्या डाव्या हाताला मावळतो. पाठीमागे, सह्याद्रीच्या बाजूने, चांद वर आला होता.

रात्री दस्तरखानावर खेकड्यांचा रस्सा आला आणि त्याबरोबर चाचीचे स्पष्टीकरण. "हे आमच्यासाठी. तुमच्यासाठी पापलेट वेगळे केले आहे." कोकणी मुसलमान शाफई मजहबचे, समुद्रातले सगळे त्यांना चालते. आम्ही हनफी, आम्हाला खेकडा, शिंपले चालत नाहीत. शेकडो वर्षे हे दोन मजहब याच महाराष्ट्रात शेजारी जेवत आले आहेत आणि कोणाचे ताट कोणी हिसकावलेले नाही. मुलांनी हा फरक पुस्तकात वाचला असता तर वाद झाला असता. दस्तरखानावर पाहिला, तर फक्त वाटी इकडची तिकडे झाली. नारळाच्या दुधाबरोबरचे सांदण मात्र दोन्ही मजहबांनी सारखेच संपवले.

दुसऱ्या दिवशी फज्र पढून वेळास गाठले. बाणकोटहून हे गाव अगदी जवळ. नाना फडणविसांचे हे मूळ गाव, पण आता लोक इथे कासवांसाठी येतात. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची मादी रात्री पुळणीवर येते, सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळूने झाकते आणि निघून जाते. परत येऊन बघत नाही. साधारण ४५ ते ५५ दिवस वाळूची ऊब अंडी उबवते. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक, थंड राहिली तर नर अधिक. ओडिशाच्या किनाऱ्यावर ही कासवे हजारोंनी येतात, कोकणात एकेकटी.

पूर्वी या अंड्यांवर कोल्हे-कुत्री टपून असत, आणि माणसेही. अंडी खाल्ली जात, विकली जात. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेळासमध्ये काम सुरू केले. गावकऱ्यांनी रात्री किनाऱ्यावर गस्त घालायला सुरुवात केली. सापडलेली अंडी कुंपणाच्या आत, तसाच खड्डा करून पुरायची, तारीख लिहून ठेवायची आणि पिल्ले वर आली की समुद्राकडे सोडायची. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांत राहतात, घरचे जेवतात. जे गाव अंडी विकत होते, त्या गावाला पिल्ले वाचवण्यातून चार पैसे मिळू लागले. नसीहत देऊन जे झाले नसते ते अशा व्यवस्थेने झाले, ही आम्हा शिक्षकांना विचार करायला लावणारी गोष्ट आहे.

गावातून पुळणीपर्यंत पायवाट आहे. पुढे सुरूचे बन. सकाळी सातला कुंपणाजवळ शंभरएक माणसे जमली होती. समुद्रापर्यंत दोन बाजूंनी दोरी बांधलेली. ओहोटी मोठी असल्याने पाणी लांब गेले होते आणि पिल्लांना बराच पल्ला चालायचा होता. टोपली उचलली तेव्हा खाली अकरा पिल्ले होती; प्रत्येक तळहाताच्या अर्ध्याएवढे, काळपट, ओल्या वाळूच्याच रंगाचे.

त्यांना हाताने पाण्यात का सोडत नाहीत, असे धाकट्याने विचारले. तिथल्या कार्यकर्त्याने सांगितले की त्यांनी वाळूवर स्वतः चालायलाच हवे. समुद्राच्या बाजूचे क्षितिज उजळ असते, त्या उजेडाच्या दिशेने ती जातात. म्हणूनच फ्लॅश नको, टॉर्च नको. किनाऱ्यावरच्या हॉटेलांचे दिवेही त्यांची दिशा चुकवतात. हे सांगून होईपर्यंत मागून गर्दी रेटू लागली. दोरी वाकली. मोबाइल उंचावले. एकाचा फ्लॅश चमकला. पुढच्या रांगेतली चार-पाच लहान मुले दोरीखालून आत सरकली.

आमची मुलगी पुढेच होती, पोटावर पडून, कॅमेरा वाळूपासून वीतभर उंचीवर. पहिले पिल्लू तिच्या समोर यायला चार-पाच फूट उरले असतील. तिने कॅमेरा गळ्यात टाकला, उठली आणि त्या मुलांना दोन हातांनी मागे घेऊन बसली. कार्यकर्त्याने एका बाजूने दोरी सरळ केली, आम्ही दुसऱ्या बाजूने. अकराही पिल्ले गेली. शेवटचे सगळ्यात हळू. लाटेने ते तीनदा मागे फेकले आणि चौथ्या लाटेबरोबर नेले. तिच्याकडे एकाही पिल्लाचा फोटो नव्हता. गर्दी पांगल्यावर तिने वाळूवर उरलेल्या खुणा टिपल्या. अकरा बारीक वाटा, मधे पोटाची रेघ, दोन्ही बाजूंना टिकलीएवढे ठसे, सगळ्या समुद्राकडे गेलेल्या.

परतताना सुरूच्या बनावरून पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड गेला. कोकणात त्याला काकण म्हणतात. तो मात्र तिला छान मिळाला.

तिथून केळशी आणि आंजर्ले मागे टाकत हर्णे. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, आणि किनाऱ्यावर मासळीचा लिलाव. होड्या उथळ पाण्यात थांबतात, मासळी बैलगाड्यांतून पाण्यातून बाहेर येते. ढीग वाळूवर पडतात आणि बोली सुरू होते. फोटोसाठी अशी जागा शोधून मिळणार नाही. पण मुलीने कॅमेरा काढण्याआधी एका कोळिणीला विचारले. ती म्हणाली, "पोरी, मासळीचा काढ. माझा नको." मुलीने मान डोलावली आणि कोळंबीच्या ढिगाचा फोटो काढला.

हे शहाणपण तिला कुठून आले हे आम्हाला माहीत होते. दहा मिनिटांपूर्वी ती पाण्याच्या कडेला उभी असताना एका पर्यटकाने न विचारता तिचा फोटो काढला होता. हिजाब, मागे समुद्र, हातात कॅमेरा. त्याला ते दृश्य वाटले असेल. तिने जवळ जाऊन तो फोटो काढून टाकायला सांगितले, शांतपणे, आम्हाला मध्ये न घेता. त्याने काढून टाकला. कोळिणीला विचारताना तिला त्याची आठवण झाली असणारच.

तिसरा मुक्काम दाभोळचा. वाशिष्ठीच्या मुखावरचे हे बंदर बहमनी आणि आदिलशाही काळात गजबजलेले होते. मक्केला जाणारी जहाजेही इथून सुटत. पाण्याच्या कडेला काळ्या दगडाची आदिलशाही मशीद उभी आहे, घुमट आणि चार मिनार असलेली. विजापूरची एक शहजादी हजला निघाली, समुद्रातल्या धोक्यामुळे तिला जाता आले नाही आणि प्रवासाचे धन तिने या मशिदीवर खर्च केले, अशी तिथली आख्यायिका आहे. अम्मींना ही गोष्ट फार भावली. त्यांनी तिथे बराच वेळ घालवला आणि स्वतः होऊन नातीला म्हणाल्या, "इस मीनार की निकाल. पानी के साथ."

तस्वीरीचा प्रश्न आमच्या घरात मिटला असे आम्ही म्हणणार नाही. उलेमांमध्ये त्यावर मतभेद आहेत. कोणी कॅमेऱ्याच्या प्रतिमेला आरशातल्या प्रतिबिंबासारखे मानतात, कोणी तिला तस्वीरच ठरवतात. समुद्र, डोंगर, झाडे, इमारती यांच्या चित्राला मात्र बहुतेकांची हरकत नाही. अम्मींचा नियम कायम आहे आणि मुलगी तो पाळते. गरुड तिच्या संगणकात आहे, भिंतीवर नाही. घरी आल्यावर अम्मींनी सगळे फोटो एकदा पाहिले. वाळूवरच्या खुणांपाशी थांबल्या. कितीतरी वेळ बोट धरून एकेक वाट मोजली. मग विचारले, हा मोठा करून मिळेल का. आता तो आमच्या दिवाणखान्यात आहे. येणारे विचारतात ही कसली नक्षी, आणि अम्मी त्यांना अकरा पिल्लांची गोष्ट सांगतात.

समुद्रावर जाणाऱ्या कुटुंबांसाठी चाचांचे चार नियम इथे देतो. निघण्याआधी चांदाची तारीख बघा आणि भरतीची वेळ कागदावर लिहा. उधाणाच्या दिवसांत, आणि ओहोटी लागलेली असताना, पाण्यात शिरू नका. उतरते पाणी माणसाला बाहेर ओढते. खाडीच्या मुखाशी कधीच उतरू नका, वरून पाणी शांत दिसले तरी. आणि किनाऱ्यावरचा माणूस "आज नको" म्हणाला तर कारण विचारत बसू नका. कॅमेरा असेल तर लेन्स पुळणीवर बदलू नका, आणि घरी आल्यावर ओलसर फडक्याने खारे पाणी पुसा. मीठ आणि वाळू दोन्ही यंत्राच्या वैरी आहेत.

शाळेत आता नववीच्या वर्गात हिजरी तारखेवरून भरती काढण्याची गणिते घेतली. मुलांना पाऊणपट करायला भलतेच आवडले. मग वेळासच्या सहलीचा प्रस्ताव ठेवला: पाण्यात उतरायचे नाही, दहा मुलांमागे एक मोठा माणूस, सोबत गावचा माहीतगार. पालकसभेत बराच वेळ कोणी बोलले नाही. २०१६ सगळ्यांच्या मनात होते. शेवटी मागच्या बाकावरून एका आईने विचारले, "सर, त्या दिवशी चांदाची कितवी असेल?"

आम्ही तारीख सांगितली. तिने ती लिहून घेतली. संमतीपत्रे अजून येत आहेत. आजपर्यंत ४० पैकी २३ आली आहेत. उरलेल्या घरी आम्ही स्वतः जाणार आहोत, इन्शाअल्लाह, कॅलेंडर सोबत घेऊन.